अब्बांची एकनळी

टक्. एवढाच आवाज झाला. बार उडाला नाही.

ऑक्टोबर 2023 मधली रात्र होती. भात पिवळं होऊन कापणीला टेकलेलं. खालच्या शेतात रानडुकरांचा कळप शिरल्याचं कुत्र्याच्या भुंकण्यावरून कळलं आणि मी अब्बांची एकनळी बंदूक घेऊन खोपीबाहेर आलो. डुक्कर मारायचं नव्हतंच. हवेत एक बार काढायचा, आवाजाने कळप डोंगराकडे पळतो, एवढाच बेत. घोडा चढवला, नळी आभाळाकडे केली, चाप ओढला. आणि टक्.

दोन-तीन सेकंद मी तसाच उभा राहिलो. मग बंदूक खाली घेतली आणि आतलं काडतूस बघायला ती उघडू लागलो. खटक्यावर अंगठा ठेवला, तोच मागून चाचांचा हात माझ्या मनगटावर पडला. त्या हाताला तीनच बोटं आहेत.

"उघडू नको. नळी वर धर. तशीच."

आम्ही दोघे अंधारात उभे. चाचा तोंडातल्या तोंडात आकडे मोजत होते. खाली डुकरं निवांत भात खात होती, त्यांचा कचकच आवाज येत होता. चाचांनी साठ पूर्ण केले आणि म्हणाले, "आता उघड. तोंड बाजूला ठेव." काडतूस बाहेर काढलं. त्याच्या पितळी बुडाशी जी छोटी टोपी असते तिच्यावर पिनेचा ठसा होता, पण अगदी बारीक. नखाने टोचल्यासारखा.

लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. हे मला माहीत होतं. शस्त्र परवान्यासाठी 2016 च्या नियमांप्रमाणे हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. ते मी घेतलं होतं. तिथे सांगितलेलं सगळं मास्तरांच्या सवयीने वहीत उतरवून घेतलं होतं. बार उडाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान तीस सेकंद थांबायचं, हेसुद्धा. कधीकधी टोपी पेटते, पण दारू लगेच पेट घेत नाही, आत धुमसत राहते आणि थोड्या वेळाने उडते. नेमकी त्याच क्षणी बंदूक उघडी असली तर काडतुसाला मागून आधार नसतो आणि पितळेचे तुकडे सरळ तोंडावर येतात. परीक्षेत हा प्रश्न आला असता तर मला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते. शेतात मी नापास झालो.

त्या रात्रीनंतर मी या बंदुकीचा नीट अभ्यास करायला घेतला. त्यातून जे कळलं ते इथे लिहितो आहे. कोकणात अशा शेकडो एकनळ्या घरोघरी आहेत आणि बऱ्याचशा आता बापाकडून मुलाकडे येताहेत. बापाला बंदुकीची खोड माहीत असते. मुलाला फक्त बंदूक मिळते.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या काठाला. खाली भातशेती, वर काजू आणि थोडे हापूस. वानरं दिवसा येतात, डुकरं रात्री. डुक्कर आम्हाला हराम, त्यामुळे शेजारचे कुणबी शेतकरी नेहमी थट्टा करतात, "तुम्ही खात नाही हे त्यांना कळलंय, म्हणून तुमच्याकडेच येतात." पण डुक्कर कुणाचं शेत बघून शिरत नाही. एका रात्रीत कळप अर्धा मळा लोळवून टाकतो. जेवढं खातो त्याच्यापेक्षा जास्त तुडवतो.

1984 पर्यंत घरात आजोबांची एक जुनी बंदूक होती. पावसाळाभर ती ओटीवरच्या खुंटीला टांगलेली असायची. त्या वर्षी पाऊस संपल्यावर चाचांनी ती काढली, काडतूस भरलं आणि वानरांवर आवाजाचा बार काढला. नळी फुटली. कुंभारीण माशीने नळीत हातभर आत मातीचं घर केलं होतं. मूठभरसुद्धा माती नसेल. पण बार उडतो तेव्हा नळीत जो दाब तयार होतो तो गाडीच्या टायरमधल्या हवेच्या शेकडो पट असतो. पुढे वाट बंद असली की तो दाब लोखंड फाडून बाजूने बाहेर पडतो. चाचांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. ते तेव्हा बावीस वर्षांचे होते.

दोन वर्षांनी अब्बांनी ही एकनळी घेतली, तीही कुणीतरी वापरलेली, परवानाधारक दुकानातून. घरात इतका मोठा अपघात होऊनही पुन्हा बंदूक का, आणि घ्यायचीच तर सगळ्यात स्वस्त का, असं मी एकदा विचारलं होतं. अब्बा म्हणाले होते, "चांगली दुनळी दोन म्हशींच्या किमतीत येत होती. आपल्याकडे एकच म्हैस होती." ही एका म्हशीची बंदूक. कारखान्याचं नाव मी लिहीत नाही. पन्नासेक वर्षं वापरलेल्या वस्तूचा दोष कुणाच्या माथी मारायचा?

ज्यांनी बंदूक जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ही बाराबोर. एक पौंड, म्हणजे साधारण 454 ग्रॅम शिसं घेऊन त्याच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी जेवढी जाड होईल तेवढं नळीचं भोक; सुमारे साडेअठरा मिलिमीटर. आकडा वाढला की भोक लहान होतं, म्हणून वीस बोरची नळी बाराबोरपेक्षा बारीक. आतून नळी गुळगुळीत असते, रायफलसारखे आटे नसतात. काडतुसात एक गोळी नसते, छर्रे असतात. बंदूक बिजागरीवर मधोमध मोडते, मागून एक काडतूस भरायचं, बंद करायची, अंगठ्याने घोडा चढवायचा. चाप ओढला की घोडा पिनेवर आपटतो, पिन टोपीवर. झालं. सगळं यंत्र हाताच्या बोटांवर मोजता येईल इतकंच.

स्वस्त बंदूक घ्यायची तर एकनळीच का, याचं उत्तरही यातच आहे. आपोआप काडतूस बदलणाऱ्या बंदुकीत बाराचाच जोर वापरून यंत्र फिरवलं जातं. तिथे काडतूस कमजोर निघालं किंवा एक स्प्रिंग ढिली पडली की मधेच सगळं अडतं. पंपाच्या बंदुकीत हात अर्धवट मागे ओढला गेला तरी काडतूस अडकतं. तिथे स्वस्ताई लगेच दिसते. एकनळीत बिघडायला जागाच कमी, म्हणून लोक म्हणतात, एकनळी कधी दगा देत नाही. हे अर्धंच खरं आहे. ती क्वचित बिघडते, पण बिघडते तेव्हा गुपचूप. बाहेरून तशीच दिसते.

अब्बा 2021 मध्ये गेले. त्यांच्या कपाटात मला एक वही सापडली. बोली आमची, लिपी उर्दू. काडतुसांचा हिशेब परवानाधारकाला ठेवावाच लागतो, मला वाटलं तोच असेल. पण प्रत्येक नोंदीपुढे एक-दोन शब्द होते: "अडकलं." "फुसकं." "दुसऱ्या टोल्याला उडालं." "पिन साफ केली." पस्तीस वर्षांची नोंद. मी तेव्हा ती वाचून डोळे पुसले आणि वही ठेवून दिली. टक् झाल्यावर पुन्हा काढली आणि या वेळी विद्यार्थ्यासारखी वाचली. चाचांना शेजारी बसवलं, जे कळेना ते विचारलं. स्वस्त एकनळीच्या आजारांची ती पूर्ण यादीच होती.

पहिला आजार, टोपीवर हलका मार. अब्बांच्या वहीत सगळ्यात जास्त नोंदी याच्या. कारणं तीन. पिन मऊ लोखंडाची असेल तर तिचं टोक हळूहळू बोथट होतं आणि आखूड पडतं. घोड्यामागची स्प्रिंग वर्षांनुवर्षं दमते. आणि तिसरं, जे आपल्याच हातचं: पिनेच्या भोकात ओतलेलं तेल. तेल धूळ धरतं, घट्ट होतं, पिनेला चिखलातून चालल्यासारखं होतं. मीही तेच केलं होतं. अब्बांची आठवण म्हणून दर शुक्रवारी नमाजनंतर बंदूक पुसायचो आणि प्रेमाने भरपूर तेल घालायचो. अब्बांनी मात्र वहीत एका जागी दोनदा अधोरेखित करून लिहिलेलं होतं: "पिनेत तेल नको."

दुसरा आजार, काडतूस अडकणं. जुनी काडतुसं कागदी नळकांड्याची असायची. कोकणातला पावसाळा त्यांना सोसत नाही. कागद ओल धरतो, फुगतो, आणि काडतूस घरात पूर्ण बसत नाही. अब्बा काडतुसं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचे, चुलीपासून लांब पण कोरड्या जागी. प्लास्टिकची काडतुसं आल्यावर फुगण्याचा त्रास गेला, पण दुसरा राहिला. काडतुसाच्या घराला आतून गंजाचे खड्डे पडले की उडालेलं काडतूस त्यात रुतून बसतं. ते बाहेर ढकलणारा जो छोटा आकडा असतो तो झिजलेला असला की काडतुसाच्या कडेवरून निसटतो आणि मग रिकामं नळकांडं चाकूने उकरणारे लोक मी पाहिलेत. रिकामं असेल तर ठीक. न उडालेलं काडतूस पुढून काठी घालून ठोकणारेही असतात. टोपी मागे आहे आणि मागे आपण आहोत, हे ते विसरतात.

तिसरा आजार, ढिली बिजागरी. हा सगळ्यात वाईट, कारण यात बंदूक चालत राहते. दर बाराला बिजागरीचा खिळा आणि बंद करणारा खटका थोडा थोडा झिजतो. चाचा सांगतात, बंदूक आधी रिकामी आहे हे बघायचं, मग बंद करून कानाशी धरून हलवायची. खडखड आली तर समजायचं. दुसरी परीक्षा उजेडाची. बंद बंदूक दिव्यासमोर धरायची आणि नळी जिथे मागच्या ठोकळ्याला टेकते तिथे बघायचं. मधून उजेडाची रेघ दिसली तर ती बंदूक वापरायची नाही. त्या फटीतून गरम वायू मागे येतो, आणि काडतुसाचं पितळ त्या फटीत फाटू शकतं.

चौथा, घोड्याचा. जुन्या स्वस्त बंदुकांत घोडा खाली असला की पिनेवर टेकून बसलेला असतो. भरलेली बंदूक हातातून पडली, घोडा दगडावर आपटला, तर चापाला हात न लावता बार उडतो. काही बंदुकांत घोडा अर्ध्यावर अडकवून ठेवायची सोय असते, पण त्या खाचेची धार झिजते आणि मग ती सोय नावापुरती उरते. शिडी चढताना, बांध ओलांडताना, खोपीत वाकून शिरताना बंदूक भरलेली नसावी, या नियमाचं मूळ इथे आहे. अब्बा खोपीत पोचल्यावरच काडतूस भरायचे आणि परत निघताना आधी काढून खिशात टाकायचे. लहानपणी मला तो त्यांचा भित्रेपणा वाटायचा.

बाकीचे आजार किरकोळ वाटतात, पण असतात. दस्ता मनगटाएवढा बारीक होतो तिथे चीर जाते, मग लोक सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळतात. खाऱ्या हवेने नळीला बाहेरून गंज चढतो तो दिसतो, आतून चढतो तो दिसत नाही. आणि घरात दोन वेगळ्या बोरांची काडतुसं कधीच ठेवू नयेत. वीस बोरचं काडतूस बाराबोरच्या नळीत घसरून पुढे जातं आणि अडकून बसतं. मागून बघितलं तर घर रिकामं दिसतं. माणूस वर बाराबोरचं भरतो आणि चाप ओढतो. कुंभारीण माशीच्या मातीने जे केलं त्याच्यापेक्षा हे वाईट. यासाठीच वीस बोरची काडतुसं आता बहुधा पिवळ्या रंगाची करतात.

हे सगळं वाचल्यावर मला वाटलं, दोष कळले म्हणजे आता बंदूक ताब्यात आली. तसं झालं नाही.

मार्च 2024 मध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली. निवडणुकीच्या काळात परवान्याची हत्यारं जमा करायला सांगतात, तशी आम्हालाही सूचना आली. पोलिस ठाण्यात रांग होती. मराठे, कुणबी, मुसलमान, सगळ्यांच्या हातात जवळजवळ एकसारख्या एकनळ्या, सगळ्यांच्या पिशवीत परवान्याचं पुस्तक. गप्पा डुकरांच्या आणि काजूच्या भावाच्या. त्या रांगेत मला फार बरं वाटलं. एरवी शहरात कुणाला कळलं की याच्या घरी बंदूक आहे, की आधी नाव ऐकून आणि मग बंदूक ऐकून समोरच्याच्या चेहऱ्यावर एक हसू येतं. एका ओळखीच्याने विचारलंही होतं, "सर, तुम्हाला कशाला हवी?" मी म्हणालो, डुकरांसाठी. तो आणखीच हसला. त्या रांगेत कुणी हसत नव्हतं. तिथे सगळ्यांना कशाला हवी हे माहीत होतं.

4 जूनला निकाल लागला. मी बंदूक आणायला गेलो तेव्हा पाऊस सुरू होऊन बरेच दिवस झाले होते. चूक माझीच. जमा करताना नळीला आतून तेलाचा हात फिरवायला हवा होता. "पिनेत तेल नको" हे इतकं डोक्यात बसलं होतं की मी सगळीच कोरडी पुसून दिली. घरी येऊन नळीतून उजेडाकडे बघितलं तर आत नारिंगी रंगाची रांगोळी.

ऑगस्टमध्ये मी ती एका परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रींकडे घेऊन गेलो. वय सत्तरीच्या पुढे, हात मात्र स्थिर. त्यांनी पिन काढली, माझ्या तळहातावर ठेवली. टोक पेन्सिलीसारखं झिजलेलं. "ही बदलतो. स्प्रिंगही बदलतो. शंभरात शंभर वेळा उडेल." मला हायसं वाटलं. मग त्यांनी नळी साफ केली, बंदूक बंद केली, खिडकीकडे धरली आणि मला म्हणाले, "इथे बघा."

उजेडाची रेघ होती. केसाएवढी. पण होती.

"आणि हे," त्यांनी काडतुसाच्या घरात बॅटरी धरली. आत देवीच्या व्रणांसारखे खड्डे. "खिळा नवा घालून फट कमी करता येईल. पण नळी इथे किती पातळ झालीय ते मी डोळ्याने सांगू शकत नाही. कारखान्यात नळीवर जो शिक्का मारतात तो जास्त भाराचं काडतूस उडवून परीक्षा घेतल्यावर मारतात. तो शिक्का त्या दिवसाचा. आजचा नाही."

मी विचारलं, "म्हणजे वापरू नको?"

ते म्हणाले, "माझा मुलगा असता तर मी त्याला देणार नाही. तुमचं तुम्ही बघा. पिन बदलू का?"

मी पिन बदलू दिली नाही. विचित्र वाटेल, पण कारण सांगतो. आतापर्यंत त्या बंदुकीचा जो दोष मला दिसत होता तो होता फुसका बार. तो दोष दुरुस्त झाला असता तर बंदूक माझ्या नजरेत चांगली झाली असती. शंभरात शंभर वेळा उडणारी, आणि त्यातल्या कुठल्या तरी एका वेळी फुटणारी. बंदूक उडत नाही हा तिचा त्रास आहे. ती फुटते हा तिचा धोका आहे. आपण नेहमी त्रास दुरुस्त करतो, कारण तो रोज दिसतो. धोका चाचांच्या हातासारखा, घडून गेल्यावर दिसतो.

घरी आल्यावर अम्मीला सांगणं सगळ्यात कठीण गेलं. अब्बांच्या ज्या थोड्या वस्तू घरात आहेत त्यांत चष्मा, तस्बीह, घड्याळ आणि ही बंदूक. अम्मी म्हणाली, "वापरू नको, पण असू दे ना भिंतीवर. त्यांचा हात लागलेला आहे." माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. तो तेव्हा दारात उभा राहून ऐकत होता. भिंतीवरच्या बंदुकीकडे मी त्याच्या वयात कसा बघायचो ते मला आठवलं. थट्टेतसुद्धा आपल्या भावाकडे हत्यार रोखू नका, हातून कधी काय घडेल सांगता येत नाही, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. मी ती वर्गात मुलांना अनेकदा सांगितली आहे. मला वाटतं ती फक्त रोखण्यापुरती नाही. ज्या हत्याराचा भरवसा आपल्याला स्वतःलाच उरला नाही ते पुढच्याच्या हातात जाईल अशा जागी ठेवणं, हेही त्यात येतं.

अम्मीला मी वही वाचून दाखवली. ती बराच वेळ ऐकत होती. शेवटी म्हणाली, "एवढं सगळं त्यांना माहीत होतं, आणि तरी रात्री जायचे?" तिला हे पस्तीस वर्षांत कळलं नव्हतं. अब्बांनी कळू दिलं नव्हतं. त्यानंतर तिने भिंतीचा विषय काढला नाही.

ऑक्टोबर 2024 मध्ये विधानसभेची आचारसंहिता लागली, नेमकी भातकापणीच्या तोंडावर. पुन्हा तीच रांग. लोक कुरकुरत होते, ते बरोबरच होतं, डुकरांना आचारसंहिता नसते. मी बंदूक जमा केली, पण या वेळी परत न्यायची नाही असं ठरवून. निकालानंतर जिल्हाधिकारी कार्यालयात परवाना रद्द करण्याचा आणि हत्यार सोडून देण्याचा अर्ज दिला. तिथल्या कारकुनाने दोनदा विचारलं, "नवीन घेणार का? मग बदलीचा अर्ज करा." मी नाही म्हटलं.

नवी चांगली बंदूक का नाही घेतली, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. खरं सांगायचं तर परवडत नाही, हे एक. दुसरं, मला ती रात्र आठवते. बंदुकीचा दोष तर होताच, पण खटक्यावर अंगठा माझा होता. वर्षातून चार रात्री बंदूक हातात घेणाऱ्या माणसाचा हात कधी तयार होत नाही. अब्बा दर हंगामात तीस-चाळीस रात्री खोपीत काढायचे. माझी शाळा आहे, सकाळी फजरनंतर लगेच एसटी पकडायची असते.

म्हणून सगळ्यांनी बंदुका देऊन टाकाव्यात असं माझं म्हणणं मुळीच नाही. ज्यांचं पोट शेतीवर आहे त्यांना ती लागते. परवाना मिळत नाही किंवा हत्यार निकामी झालं म्हणून लोक काय करतात तेही आपण बघतो. कुणी गावठी ठासणीची बंदूक लपवून ठेवतो, कुणी खाण्यात स्फोटक गोळे पेरतो आणि त्यात गाईचा जबडा जातो. झुडपात हालचाल दिसली म्हणून बार काढला आणि सोबतचाच माणूस गेला, अशा बातम्या कोकणातल्या पेपरात येत राहतात. त्यापेक्षा परवान्याची, तपासलेली एकनळी कधीही बरी. फक्त ज्याच्याकडे बापाची बंदूक आली आहे त्याने या हंगामाआधी एवढं करावं. बंदूक उघडून आधी ती रिकामी असल्याची खात्री करावी, नळीतून उजेड बघावा, मग बंद करून फटीतून उजेड बघावा. पहिला दिसला पाहिजे, दुसरा दिसता कामा नये. शंका आली तर परवानाधारक मिस्त्रीला दाखवावी, गावातल्या लोहाराला नाही. बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नव्हे, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्यासाठी वनखात्याची वेगळी परवानगी लागते, हेही ध्यानात असू द्यावं. आणि टक् झालं तर थांबावं. साठ मोजावेत. भात जाईल, जाऊ दे.

त्या वर्षी आमचं भात गेलंच, साधारण चौथा हिस्सा. चार घरांनी मिळून पाळ्या लावल्या होत्या. पत्र्याचे डबे, बॅटऱ्या, आणि एका घरची चालू बंदूक आवाजापुरती. पुढच्या हंगामाला सौर कुंपणाचं बघतो आहोत.

अर्ज देऊन आलो त्या संध्याकाळी चाचा ओटीवर बसले होते. मी सांगितलं, दिली. अब्बांची बंदूक दिली म्हणून त्यांना वाईट वाटेल, मला काही बोलतील, अशी तयारी करूनच मी बसलो होतो. ते थोडा वेळ खाडीकडे बघत राहिले. मग तीन बोटांच्या हाताने विडी विझवली आणि म्हणाले,

"रिकामी करून दिलीस ना? नळीत बघितलंस?"